प्रश्नोत्तरे : फिल्टर दोषी की मापन?

प्रश्न : चाळीस मीटर बँडच्या (7.0 ते 7.2 मेगाहर्ट्झ) रिसीव्हरसाठी मी दोन कॉइलचा बँडपास फिल्टर (ठरावीक वारंवारताच पुढे जाऊ देणारा) बांधला आहे. टी-50-6 या पिवळ्या टोरॉइडवर (कड्याच्या आकाराच्या गाभ्यावर) प्रत्येकी 30 वेढे, त्यावर सिग्नल आत-बाहेर नेणारी 3 वेढ्यांची लिंक, प्रत्येक कॉइलला ट्रिमर (फिरवून बदलता येणारा कपॅसिटर) आणि दोन्ही कॉइलच्या मध्ये 10 पिकोफॅरडचा कपॅसिटर अशी रचना आहे. नॅनोव्हीएनए या फिल्टर मोजण्याच्या छोट्या यंत्रावर वारंवारतेचा पूर्ण पल्ला ठेवला तर फिल्टर दिसतच नाही, आणि पल्ला 5 ते 10 मेगाहर्ट्झ केला तर दोन असमान उंचवटे दिसतात. वेढे कमी करावेत का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : वेढ्यांना कृपया हात लावू नये. टी-50-6 वरील 30 वेढ्यांचे इंडक्टन्स सुमारे 3.6 मायक्रोहेन्री येते आणि 7.1 मेगाहर्ट्झला त्याच्याशी साधारण 140 पिकोफॅरड जुळतात, म्हणजे आपली कॉइल योग्यच आहे.

पहिली अडचण मापनातली आहे. मूळ नॅनोव्हीएनए एका फेरीत 101 बिंदूच मोजते. 50 किलोहर्ट्झ ते 900 मेगाहर्ट्झ पल्ल्यात दोन बिंदूंमधले अंतर 9 मेगाहर्ट्झ होते आणि आपला संपूर्ण बँड त्या फटीत हरवतो. पूर्ण पल्ल्यावर केलेले कॅलिब्रेशन (मापनाआधीची यंत्राची जुळवणी) ठेवून नुसता पल्ला कमी केला, तर यंत्र त्या विरळ बिंदूंमधून अंदाज काढून दुरुस्ती करते. म्हणून आधी 6 ते 8 मेगाहर्ट्झ पल्ला लावावा (बिंदूंमधले अंतर 20 किलोहर्ट्झ होईल) आणि मगच फिल्टरला जोडायच्या केबलींच्या टोकांशी ओपन (टोक मोकळे), शॉर्ट (टोक जोडलेले), लोड (प्रमाणित भार) आणि थ्रू (दोन्ही केबली एकमेकींना जोडून) हे कॅलिब्रेशन नव्याने करावे.

दुसरी अडचण मात्र फिल्टरमधलीच आहे. 140 पिकोफॅरडशी 10 पिकोफॅरडचे कपलिंग (दोन कॉइलमधली जोडणी) फार घट्ट होते आणि उंचवटे जवळजवळ अर्धा मेगाहर्ट्झ फाकतात. सुमारे 300 किलोहर्ट्झ रुंदीसाठी 4 पिकोफॅरडच्या आसपासचा, उदाहरणार्थ 3.9 पिकोफॅरडचा कपॅसिटर पुरेसा आहे.

उंचवटे असमान असणे हे दोन्ही कॉइल वेगवेगळ्या वारंवारतेवर असल्याचे लक्षण आहे. बरेच हौशी एस-21 चा (फिल्टरमधून पलीकडे पोचणाऱ्या सिग्नलचा) आलेख पाहत दोन्ही ट्रिमर आळीपाळीने फिरवत बसतात, पण माझ्या मते एस-11 (फिल्टरवरून परत फिरणाऱ्या सिग्नलचा आलेख) अधिक खात्रीचा आहे. अभियंता मिल्टन डिशल यांनी 1951 मध्ये मांडलेली युक्ती येथे कामी येते: दुसऱ्या कॉइलचे गरम (अर्थला न जोडलेले) टोक आखूड तारेने अर्थला जोडावे आणि पहिल्या बाजूने एस-11 पाहत खाच 7.1 मेगाहर्ट्झवर आणावी. ही खाच जेमतेम 3 डेसिबल खोल दिसेल. सगळी ऊर्जा परत फिरत असताना कॉइलच्या तोट्यापुरतीच घट दिसते, म्हणून त्यात चूक शोधू नये. मग ती तार काढून, पहिली कॉइल अर्थ करून, फिल्टर उलट जोडून, दुसरीही तशीच जुळवावी. ट्रिमर फिरवायला प्लॅस्टिकचाच स्क्रू-ड्रायव्हर वापरावा, कारण धातूचा जवळ येताच वारंवारता सरकते. हीही तार काढल्यावर एस-11 चा आलेख 7.1 मेगाहर्ट्झच्या दोन्ही बाजूंना सारखा दिसला की जुळवणी झाली. कॉइलचा क्यू (गुणवत्तेचा आकडा; तो जितका जास्त तितका तोटा कमी) 200 च्या आसपास असेल, तर बँडमधला तोटा दीड डेसिबलच्या जवळ यावा.

शेवटी 1 ते 30 मेगाहर्ट्झ पल्ल्यावर पुन्हा कॅलिब्रेट करून बँडबाहेरची घट पाहावी. उणे 70 डेसिबलच्या खाली दिसणारी खरखर यंत्राची स्वतःची असते. ट्रान्समीटर चालू असताना त्याला हे यंत्र मात्र कधीही जोडू नये.