सांगलीत नव्याने शिकायला आलेल्या ख्रिस्ती विद्यार्थ्यास

प्रिय मित्रा, सांगली-मिरजेतील एक मंडळी (चर्च) लवकर निश्चित कर आणि रविवारची उपासना चुकवू नकोस. दर आठवड्याला नवे चर्च पाहत फिरणाऱ्या मुलांना आजारपणात डबा पोहोचवणारे घर मिळत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे. तुझा विश्वास आधी प्रयोगवहीत, म्हणजे जर्नलमध्ये, दिसू दे. दुसऱ्याचे प्रयोग उतरवणे, गैरहजर सोबत्याची हजेरी लावणे नम्रपणे नाकार. मात्र परीक्षेआधी त्याच सोबत्याला शिकवायला बस. वसतिगृहात वाद जिंकण्याची घाई आणि केवळ ख्रिस्ती मुलांतच वावरणे, या दोन्ही चुका टाळ. मिरजेत मिशनरी डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली सुरू केलेले रुग्णालय सर्वांसाठी खुले होते, हे ध्यानात असू दे. अभ्यासगट चालवण्याविषयी पुढच्या वर्षी बोलू.