टिकाऊ डिस्कसाठी राखीव निधी मोडावा का?

स्वतंत्रपणे व्हिडिओ संपादनाचे काम करणाऱ्या एका वाचकांचे पत्र आले आहे. लॅपटॉप संथ चालतो म्हणून विक्रेत्याने त्यांना एक संच सुचवला आहे: सर्व्हरमध्ये वापरतात तशी सॅस (SAS) या जोडणीची, मिनिटाला 10,000 फेऱ्यांची डिस्क, ती चालवणारे कंट्रोलर कार्ड आणि ते कार्ड बसवून थंडरबोल्ट या वेगवान केबल-जोडणीने लॅपटॉपला जोडायचा बाहेरचा खोका. किंमत त्यांच्या चार महिन्यांच्या घरखर्चाएवढी. त्यातली निम्मी रक्कम राखीव निधीतून, निम्मी 12 टक्के सपाट दराने 24 हप्त्यांत, आणि वर किमतीच्या दहा टक्के भरून एक ‘डेटा सुरक्षा योजना’. काम दुप्पट होऊन हप्ते आपोआप फिटतील, हे गणित बरोबर आहे का, असे ते विचारतात. पत्राच्या शेवटी जाता जाता त्यांनी लिहिले आहे, की पाच वर्षांच्या सगळ्या कामाची एकमेव प्रत याच लॅपटॉपवर आहे आणि म्हणूनच ‘न बिघडणारी’ डिस्क हवी आहे.

विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर एवढेच, की हा संच घेऊ नका. एका डिस्कपर्यंत दोन कंट्रोलरांना दोन स्वतंत्र वाटांनी पोहोचता यावे आणि एका यंत्राला शेकडो डिस्क जोडता याव्यात, यासाठी सॅस आहे. एका लॅपटॉपला यातले काहीच लागत नाही. 12 गिगाबिटची ही जोडणी सेकंदाला सुमारे 1,200 मेगाबाइट वाहून नेऊ शकते, पण फिरती डिस्क त्याच्या चौथाईपर्यंतही पोहोचत नाही, आणि लॅपटॉपमधली साधी एनव्हीएमई एसएसडी (फिरता भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) सेकंदाला 3,500 मेगाबाइटचा पल्ला सहज गाठते. शिवाय अशा डिस्कची जाडी बहुधा 15 मिलिमीटर असते आणि तिला 12 व्होल्टचा पुरवठा लागतो, तर लॅपटॉपच्या कप्प्यात 7 किंवा 9.5 मिलिमीटरची आणि 5 व्होल्टवर चालणारी डिस्क बसते. म्हणून तो खोका, आणि खोक्यासाठी भिंतीतला प्लग. थोडक्यात, मांडीवरचा संगणक टेबलाला बांधण्यासाठी तुम्ही पैसे मोजणार. त्यातही तुम्हीच लिहिता, की व्हिडिओ तयार होत असताना प्रोसेसर 100 टक्क्यांवर आणि डिस्क जेमतेम 10 टक्क्यांवर दिसते. याचा अर्थ डिस्क रिकामी बसून प्रोसेसरची वाट पाहते आहे.

मला खरी काळजी वाटते ती त्या जाता जाता लिहिलेल्या वाक्याची. विक्रेत्याने डिस्कच्या दोन बिघाडांमधल्या सरासरी काळाचा 25 लाख तासांचा आकडा दाखवला आणि तुम्ही तो वर्षांत मोडून 285 वर्षे असे उत्तर काढले. तो आकडा एका डिस्कच्या आयुष्याचा नसून मोठ्या समूहाच्या सरासरीचा आहे: 285 डिस्क वर्षभर चालवल्या, तर त्यातली साधारण एक बंद पडावी, एवढाच त्याचा अर्थ. ती एक तुमची नसेल असे कोणी लिहून देत नाही, आणि चोरी, सांडलेला चहा किंवा चुकून पुसलेला फोल्डर तर या हिशेबात धरलेलाच नाही. कधी बिघडेल ते ठाऊक नसलेल्या वस्तूसाठी दुसरी प्रत ठेवायची असते. पहिली प्रत महाग करून ती गरज भागत नाही.

‘डेटा सुरक्षा योजने’ची तुम्ही पाठवलेली अटींची पाने मी वाचली. डिस्क बिघडल्यास नवी डिस्क मिळेल, असे त्यात आहे, आणि ती डिस्क रिकामी असेल, हेही तिसऱ्या पानावर बारीक अक्षरांत आहे. हिला डेटा सुरक्षा म्हणणे हा निव्वळ निर्लज्जपणा आहे.

आता पैशांकडे. सपाट दरात फिटलेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज लागत राहते, त्यामुळे 12 टक्क्यांचा हा दर घटत्या शिल्लकेवर 21 ते 22 टक्क्यांच्या घरात जातो. दोन महिन्यांच्या खर्चाएवढ्या कर्जावर अर्ध्या महिन्याच्या खर्चाएवढे व्याज आणि जवळपास तेवढीच योजनेची रक्कम धरली, की चार महिन्यांचा संच पाच महिन्यांना पडतो. तुमचा राखीव निधी तीन महिन्यांचा आहे. खरेदीनंतर तो एका महिन्याचा उरेल आणि दरमहाचा खर्च मात्र हप्त्यामुळे दहा टक्क्यांनी वाढलेला असेल. ज्यांचे ग्राहक बिले दोन-दोन महिने अडवतात (हेही तुमच्याच पत्रात आहे), त्यांनी असे करणे म्हणजे पावसाच्या तोंडावर छप्पर विकणे होय. काम दुप्पट होण्यासाठी ग्राहक दुप्पट व्हावे लागतात, आणि त्यांच्याविषयी पत्रात एक ओळही नाही.

तुम्ही जोडलेल्या दरपत्रकानुसार योजनेच्या रकमेत दोन साध्या बाह्य डिस्क येतात. त्या चालू उत्पन्नातून घ्या; दोन्हींवर पूर्ण प्रत उतरवा, एक घराबाहेर विश्वासाच्या ठिकाणी ठेवा आणि दर आठवड्याला त्यांची अदलाबदल करा. मग सर्वांत जुना प्रकल्प त्या प्रतीवरून दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा, कारण न उघडलेल्या प्रतीवर भरवसा ठेवता येत नाही. राखीव निधी सहा महिन्यांचा झाल्यावर जास्त ताकदीच्या प्रोसेसरच्या लॅपटॉपचा विचार रोखीने करता येईल. विक्रेत्याचा दर फक्त या शनिवारपर्यंत लागू आहे, असे तुम्ही कळवले आहे. शनिवार जाऊ द्या.