पहिलंच आयरिश बॅलड हार्प आणि स्ट्रिंग्जसाठी बसवताय? आधी हे वाचा

तुम्ही 'शी मूव्ड थ्रू द फेअर' हे आयरिश गाणं निवडलंत, छान केलंत. चार कडवी, एकच चाल. पण गोम त्या चालीतच आहे. ती मिक्सोलिडियन या पाश्चात्त्य स्वरश्रेणीत आहे, म्हणजे आपल्या खमाज थाटासारखी, कोमल निषादाची. 'डी'पासून मांडली तर 'सी' नॅचरल. नवखे सवयीने ए मेजर कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) घालतात, त्यातला सी शार्प घुसतो आणि गाण्याचा रंगच उडतो. तिथे सी मेजर वाजवून बघा, फरक लगेच कानाला कळेल.

बाकी सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- हार्पवर करंगळी वापरत नाहीत. एका हाताला एका वेळी चारच सूर. पियानोचं लिखाण जसंच्या तसं उचलू नका.
- खालच्या तारा बराच वेळ घुमतात. तिथे जवळजवळचे सूर दिलेत की नुसता गिचका. पंचमाचं आणि सप्तकाचं अंतर पुरे. माझ्या पहिल्या प्रयत्नात हार्पचा डावा हात आणि चेलो एकाच जागी घुटमळत होते. बिचारी गायिका ऐकूच येईना!
- व्हायोलिन, व्हायोला, चेलो, तिघांकडेही 'डी'ची मोकळी तार असते. तानपुऱ्यासारखी धरून ठेवा.

पहिल्या कडव्याला फक्त हार्प द्या. गायिका ओळीचा शेवट लांबवणारच, म्हणून स्ट्रिंग्जना लांब सूर द्या, ठोके नकोत. हार्मोनिक्स (तारेला हलका स्पर्श करून काढलेले सूर), ग्लिसांडो (तारांवरून सरकत जाणं) वगैरे सध्या विसरा. पहिल्या दोन कडव्यांचा कच्चा खर्डा झाला की दाखवा.