वेगवान हार्ड डिस्क घ्यावी का?

प्रश्न : माझ्या संगणकातील हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते. तिच्याऐवजी ७२०० फेऱ्यांची बसवावी का?

उत्तर : फरक पडेल, पण बेताचाच. हवी ती माहिती वाचणाऱ्या शीर्षाखाली येण्यासाठी तबकडीला सरासरी अर्धा फेरा घ्यावा लागतो. त्याला आता सुमारे ५.६ मिलिसेकंद लागत असतील, तर नव्या डिस्कवर ४.२ लागतील, आणि शीर्ष सरकण्याचा वेळ निराळाच. एसएसडीमध्ये, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारे काहीच नसल्याने हा विलंब जवळजवळ उरत नाही, म्हणून पैसे घालायचेच तर तिच्यात घालावेत. मात्र त्याआधी, संगणक अडखळत असताना टास्क मॅनेजर (संगणकावरचा भार दाखवणारी विंडोजमधील सोय) उघडून पाहावे. रॅम, म्हणजे संगणकाची तात्पुरती मेमरी, काठोकाठ भरलेली दिसली, तर प्रथम तीच वाढवावी, कारण ती अपुरी पडली की सारा भार डिस्कवरच येतो.