बॉनबॉन आणि बाप्पाची खडीसाखर

चिऊ,

काल दिवेलागणीला तू विचारलंस, "आई, बाप्पाला रोज खडीसाखरच का? बॉनबॉन का नाही देत?" तेव्हा शेगडीवर आमटी उतू चालली होती, म्हणून आज सावकाश लिहितेय.

'बॉनबॉन' म्हणजे इथे जर्मनीत गोड गोळी. हा शब्द जर्मन लोकांनी फ्रेंचांकडून घेतला. फ्रेंचमध्ये 'बों' म्हणजे छान. बाळं एकच शब्द दोनदा म्हणतात ना? तू नाही का 'मंमं' आणि 'भूभू' म्हणायचीस! तसंच कुणा बाळांचं 'छान-छान' गोळीला चिकटलं. पण सगळीकडे हेच नाव नाही हं. कार्निव्हलच्या सोमवारी कोलोनच्या रस्त्यावर मिरवणुकीतून उधळलेल्या गोळ्यांसाठी पिशवी पसरून तू 'कामेले!' ओरडतेस, तो शब्द कॅरमलवरून आलाय. इथल्याच ऱ्हूर भागात म्हणतात 'क्ल्यूम्पशेन', म्हणजे इवलासा गोळा. आपली 'गोळी'च की! आणि बव्हेरियात, ऑस्ट्रियात 'त्सुकर्ल'.

या त्सुकर्लमधला 'त्सुकर' आपल्याकडून निघालेला आहे. संस्कृतात शर्करा म्हणजे आधी वाळू, बारीक खडे. मग तशीच दिसणारी साखर. ती इराणात 'शकर' झाली, अरबांकडे 'सुक्कर', इटलीत 'त्सुक्केरो' आणि इथे 'त्सुकर'. आपली 'साखर' त्याच शर्करेची लेक.

जर्मनीच्या उत्तरेला समुद्राकाठी, पूर्व फ्रिसलंडला गेलो होतो, आठवतं? त्या आजींनी रिकाम्या कपात साखरेचा मोठा खडा ठेवला, वरून कडक चहा ओतला आणि खडा तडतडला. तू कान अगदी कपाला लावलास. मग त्यांनी कडेकडेने साय सोडली, तिचा ढग वर आला, आणि तू चमचा उचललास तर म्हणाल्या, ढवळायचं नाही! त्या खड्याला तिथे 'क्लुन्ट्ये' म्हणतात. पुड्यावर मात्र 'कांडिस' लिहिलेलं होतं. तो शब्द अरबी 'कंद'वरून आला आणि 'कंद' आपल्या 'खंड'वरून. खंड म्हणजे तुकडा.

म्हणजे बाप्पापुढच्या वाटीत कांडिसच असतो, राणी. रोज शिरा-खीर करायला जमत नाही. खडीसाखर नासत नाही, डब्यात कायम असते आणि आरती झाली की लगेच प्रसाद म्हणून हातावर ठेवता येते. माझी आजीही तेच करायची.

उद्या बॉनबॉन ठेवायचंय? जरूर ठेव. जिलेटिन (ते प्राण्यांपासून करतात) नसलेलं बघून आणू, आणि कागद आधी काढ.

तुझी,
आई