शिमग्याला घातली, दसऱ्याला फोडली

गेल्या अंकात सहज विचारलं होतं की मंडळी, कुठल्या मोसमात कुठली बिअर आवडते ते कळवा, तर सांगली-साताऱ्याकडनं पत्रांचा आणि मेसेजचा ढीग आला. निम्म्या लोकांनी उत्तरादाखल 'चिल्ड' एवढंच लिहिलंय. अहो तो मोसम नव्हे, तो फ्रिज झाला. उरलेल्यातले थोडे प्रश्न घेतोय, क्रम माझ्या मर्जीचा आहे, आणि हो, गाडी चालवत आलेल्यांना ह्या सदरात बसायला जागा नाही.

प्रश्न: आमचा बेदाण्याचा धंदा. पोरानं पुण्यात बेल्जियन डुबेल म्हणून एक तांबडी बिअर पाजली. पहिल्याच घोटाला म्हटलं ह्यात बेदाणा हाय. वेटर म्हणतो नाही. वीस वर्षं सौद्याला बसतोय, माझी जीभ खोटं बोलंल का? आणि नसंल, तर आपला बेदाणा घालून बिअर होती का?
एक व्यापारी, तासगाव

तुमची जीभ पण बरोबर आणि वेटर पण बरोबर. डुबेलमध्ये सहसा बेदाणा नसतो. तिथे साखर काळपट होईस्तोवर उकळून केलेला पाक वापरतात, सोबत जास्त भाजलेलं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली असते, आणि बेल्जियन यीस्ट, म्हणजे बिअर आंबवणारी बुरशी, स्वतःचे फळासारखे वास सोडतं, ह्या तिघांचं मिळून जे होतं ते जिभेला सुकवलेल्या द्राक्षासारखं लागतं. गुऱ्हाळावर कढईच्या काठाला चिकटून करपत आलेला रस चाटलाय ना कधी? तीच जात. त्यात कुठं बेदाणा असतो, पण चव तिकडं जातेच.

आता दुसरा भाग, जो मला जास्त आवडला. बेदाणा घालून बिअर होते, अमेरिकेत डेलावेअरच्या डॉगफिश हेडनं रेझन देत्र नावाची बिअर त्यावरच काढली. पण तुमच्या शेडवरचा देखणा हिरवा-पिवळा माल उचलून टाकीत ओतला तर ब्रूअर, म्हणजे बिअर बनवणारा, डोक्याला हात लावंल. एक म्हणजे रंग टिकावा म्हणून त्याला गंधकाची धुरी दिलेली असते, आणि गंधक म्हणजे यीस्टची दुश्मनी, जंगली यीस्ट मारायला दारूवाले मुद्दाम तेच वापरतात. दुसरं, द्राक्षं वाळायला घालायच्या आधी डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवता, त्यातलं तेल फळावर थोडंफार राहतंच, आणि तेलाचा थेंब लागला की बिअरचा फेस बसलाच म्हणून समजा. ओठाला तेलकट लागलेलं असताना ग्लास तोंडाला लावला तरी फेस कसा विरतो ते बघा एकदा. तेव्हा धुरी न दिलेला काळा माल, गरम पाण्यात धुऊन, वाटून घेतला तर जमण्यासारखं आहे. त्यात निम्म्याहून जास्त साखरच असते, ती यीस्ट खाऊन टाकतं, मागं उरतो तो वास आणि सालीचा थोडा तुरटपणा. सांगलीच्या बेदाण्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, पुण्यातल्या कुणी ब्रूअरनं हे वाचलं तर तासगावचा एक चक्कर मारावा एवढंच म्हणतो. चहा ह्या व्यापाऱ्याकडं.

प्रश्न: मित्राची आणि माझी पैज लागलीय, हरणाऱ्यानं किलोभर कंदी पेढे द्यायचे. तो म्हणतो गव्हाच्या बिअरला केळ्याचा वास येतो म्हणजे केळं घालतात. मी म्हणतो धने घालतात. कोण जिंकलं?
शाहूपुरी, सातारा

दोघं वेगवेगळ्या बिअरबद्दल भांडताय, त्यामुळं अर्धा-अर्धा किलो आणा. हेफेवायझेन ह्या जर्मन गव्हाच्या बिअरमध्ये केळं नसतं, लवंग पण नसते, तो सगळा खेळ यीस्टचा. केळ्याला ज्या रसायनामुळं वास येतो, आयसोअमाईल ॲसिटेट, तेच हे यीस्ट आंबवताना तयार करतं, आणि आंबवण जरा उबदार झालं की केळं जोरात येतं, थंडात लवंग पुढं येते. म्हणून एकाच जागची तीच बिअर एकदा केळ्याची आणि एकदा मसाल्याची लागू शकते, माणूस तोच आणि माल तोच.

बेल्जियन विटबियर, तीही गव्हाचीच, मात्र वेगळी. तिथे खरंच धने आणि संत्र्याची साल घालतात. ही जात मरायलाच टेकली होती, होएगार्डन गावातली शेवटची भट्टी १९५७ ला बंद पडली, आणि १९६६ ला पिएर सेलिस नावाच्या त्याच गावच्या माणसानं ती परत उभी केली. हा गडी आधी गावात दूध घालायचा. भिलवडी-पलूसकडच्या वाचकांना तो आपला वाटायला हरकत नाही. उन्हाळ्यात मला विटबियर सरस वाटते, थंडीत हेफे. पेढे मला चालतात, पत्ता संपादकांकडं.

प्रश्न: बिअरमधलं ग्लिसरीन काढायला बाटली पाण्याच्या ग्लासात उलटी धरतात. ग्लिसरीन खरंच धारेनं खाली येतं, डोळ्यानं बघितलंय. मग तुम्ही नाही कसं म्हणता?
गणपती पेठ, सांगली

आख्ख्या जिल्ह्यातनं हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला, दर वेळी 'डोळ्यानं बघितलंय' हे लिहून. बघितलंत ते खरंच, पण ते ग्लिसरीन नव्हे, बिअर होती. नेहमीच्या बिअरमध्ये न आंबलेली थोडी साखर उरते, त्यामुळं ती पाण्यापेक्षा किंचित जड असते. जड पातळ पदार्थ हलक्याच्या वर उलटा धरला की खाली उतरणारच, गोड सरबताचा ग्लास करून बघा, तशीच धार दिसंल. आंबवताना यीस्ट थोडं ग्लिसरॉल स्वतःच तयार करतं, पण ते सगळ्या बिअरमध्ये विरघळलेलं असतं, बाटली उलटी धरली म्हणून ते एकटं बाहेर निघत नाही. दुकानवाल्यानं ग्लिसरीन ओतलंय म्हणून डोकं दुखतं हेही असंच, डोकं दुखतं कारण आठ टक्क्याची स्ट्राँग तुम्ही पाण्यासारखी ढोसली, आणि पाणी मात्र प्यायला नाही. तुम्ही जेवढं उलटं धरून पाण्यात घालवलंत तेवढे पैसे मात्र गेले हो.

प्रश्न: ऑक्टोबरफेस्ट नाव, आणि भरते सप्टेंबरात. हा काय प्रकार? शिवाय तिथली बिअर मार्चमध्ये करतात म्हणे, मग ती शिळी नाही का होत?
एक शिक्षक, विटा

ही जर्मनीतली बिअरची जत्रा. १८१० साली तिथल्या बव्हेरियाच्या राजपुत्र लुडविगचं राजकन्या टेरेसाशी लग्न झालं, म्युनिकबाहेरच्या माळावर घोड्यांच्या शर्यती लावल्या, तो ऑक्टोबरच होता. पुढं दरवर्षी भरायला लागलं आणि तिथे ऑक्टोबरात गारठा फार म्हणून जत्रा पुढं सरकवली, आता सप्टेंबरात सुरू होऊन ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास संपते. आपल्या जत्रा तिथीनं सरकतात, त्यांची थंडीनं सरकली, एवढंच.

मार्चचं मात्र झकास आहे. उन्हाळ्यात आंबवलेली बिअर बिघडायची, तेव्हा यीस्ट-जंतू हे काय असतं ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण उन्हाळी बिअर आंबट होते हे ठाऊक होतं. १५५३ ला तिथल्या राज्यकर्त्यांनी सरळ कायदाच केला की २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर बनवायची नाही. मग काय, मार्चमध्ये जरा कडक, जास्त हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं) घालून मोठा घाणा करायचा, तळघरात बर्फाच्या जवळ ठेवायचा आणि उन्हाळाभर पुरवायचा. त्या बिअरचं नावच मेर्त्सेन, म्हणजे मार्चवाली. शिमग्याला घातली आणि दसऱ्याला फोडली असं समजा. शिळी नाही, मुरलेली. कैरीचं लोणचं दिवाळीला आपण शिळं म्हणतो का? हळू हळू थंडात आंबणाऱ्या बिअरला लागर म्हणतात, त्या शब्दाचा अर्थच साठवून ठेवणं असा. पुढं कार्ल फॉन लिंडे ह्या जर्मन इंजिनिअरची गारवा देणारी यंत्रं आली, तीही आधी ब्रूअरीसाठीच, आणि बारा महिने बिअर व्हायला लागली. म्हणजे तुमच्या घरातल्या फ्रिजचे उपकार थोडे बिअरकडं जातात.

आताच्या फेस्टमध्ये तांबूस मेर्त्सेन नसतेच जवळपास, फिकट सोनेरी फेस्टबियर असते, कारण लोक मोठे मग भरून पितात आणि हलकी उतरते. मला जुनी तांबूस जास्त आवडते. भाजलेल्या पावाच्या कडेसारखी चव, आणि सोबत सुकं मटण, बस.

प्रश्न: वय १९. बिअर सुरू करायची तर कोणत्यानं करू?
कराड

महाराष्ट्रात बिअरला २१ लागतं. तोवर कोकम सरबत. पुढचा.

प्रश्न: आमच्याकडं पाऊस नाही, ज्वारी-बाजरी आहे. बार्लीऐवजी ज्वारीची बिअर करता येईल का? घरी करून बघू का?
जत

घरी नको. आपल्याकडं दारूबंदी कायदा १९४९ चा, परवान्याशिवाय करणं गुन्हा आहे, आणि ज्वारीत दुसरी भानगड पण आहे, ती सांगतो. पण करता येते का, तर हो, आरामात. आफ्रिकेत पिढ्यान् पिढ्या करतात, दक्षिण आफ्रिकेतली उमकोंबोथी मका-ज्वारीचीच. नायजेरियात १९८८ ला बार्ली आयातीवर बंदी आली, तेव्हा मोठमोठ्या कंपन्यांना झक मारत ज्वारीवर यावं लागलं, तिथली गिनेस स्टाउट ही काळी बिअरसुद्धा ज्वारीची होते.

कारभार असा की बार्लीला टरफल असतं, धान्य शिजवून गाळताना तेच गाळणीचं काम करतं. ज्वारीला ते नाही, त्यामुळं सगळा घाटा होऊन बसतो, तुमच्या आईनं आंबीलीचं पीठ गरम पाण्यात एकदम टाकलं की कशा गाठी धरतात तसा. शिवाय ज्वारीचा स्टार्च बार्लीपेक्षा जास्त उष्णतेला फुलतो, आणि तेवढी उष्णता दिली की साखर करणारे एन्झाइम मरतात, म्हणून ज्वारी आधी वेगळी शिजवून मग थंड करून पुढचं करावं लागतं. आता भानगड. कोवळी ज्वारी खाऊन गुरं मरतात हे तुम्हाला मी सांगायला नको, मोड आलेल्या ज्वारीतही तसलंच विष तयार होतं, ते वाळवून, मुळ्या झाडून काढतात. कारखान्यात जाणकार करतात, घरी बादलीत करायचा विषय नाही. आंबील करा, तिचा आंबटपणा आणि जर्मनांच्या आंबट बिअरचा आंबटपणा लॅक्टिक आम्लाचाच, चुलत भाऊ आहेत.

प्रश्न: वाईच्या हॉटेलात स्ट्रॉबेरी बिअर घेतली, पार गुलाबी सरबत. आमच्या शेतातली स्ट्रॉबेरी तशी लागत नाही.
भिलार

लागणारच नाही. खऱ्या स्ट्रॉबेरीची साखर यीस्ट गट्टम करतं, मागं राहतो आंबटपणा आणि लांबून आलेला वास, रंगही फिका पडतो. तुम्ही प्यालात ते बहुधा तयार बिअरमध्ये सिरप होतं. नीट करायची तर आंबवण झाल्यावर फळ घालतात आणि घालतात ते भरपूर, मूठभरानं काही होत नाही. डिसेंबर ते मार्चच्या हंगामात जो माल दिसायला वाकडा म्हणून मागं पडतो त्याला ही जागा चांगली आहे. कोकमानं मात्र हे प्रश्न येत नाहीत, आंबट आधीपासूनच असतं आणि रंग पण टिकतो. पुण्याच्या ग्रेट स्टेट एल वर्क्सची मिठाची कोकम एल (एल ही बिअरचीच एक जात) मिळाली तर जरूर घ्या. मीठ आणि आंबट ही जोडी जर्मनीतल्या लाइपझिगच्या गोझे बिअरची, आणि आमसुलाच्या सरबतात चिमूटभर मीठ टाकणाऱ्या आपल्या आजीची पण.

प्रश्न: तुमची स्वतःची आवडती सीझनल कुठली? आणि पुण्याहून आणून ठेवली तर किती दिवस टिकते?
इस्लामपूर

आधी टिकण्याचं, कारण ते मला महागात पडलंय. एका एप्रिलात पुण्याहून दोन बाटल्या ताजी आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, आणली, ती हॉप्सच्या कडू वासाची, आणि एसटीत डिकीला जागा नाही म्हणून खिडकीशी धरून बसलो. सव्वादोनशे किलोमीटर उन्हात. सांगलीत पाहुण्यांना ऐटीत ओतून दिली तर सगळे एकमेकांकडं बघायला लागले, कारण वास सडक्या लसणासारखा. हॉप्सच्या कडूपणावर उन्हाचा प्रकाश पडला की गंधकाचा तसला वास तयार होतो, मिनिटांत. म्हणून बाटल्या तपकिरी असतात, हिरवी काच कमी वाचवते, पांढरी तर काहीच नाही. माझी बाटली पांढरी होती, भरून देणाऱ्यानं तीच दिली आणि मी पण काही बोललो नाही. तेव्हा आयपीए म्हणजे महिन्यात संपवायची, थंड आणि अंधारात ठेवून. मेर्त्सेन किंवा कडक स्टाउट जास्त दम धरते. आणि आयपीए इंडियासाठी जन्मली ही गोष्ट अर्धवट आहे, पेल एल आधीच होती, पण आफ्रिकेच्या टोकाला, केपला वळसा घालून इकडं महिनोन्‌महिने येणाऱ्या जहाजात टिकावी म्हणून हॉप्स वाढवल्या. गोरे शिपाई मात्र इकडं पोर्टर ही काळपट बिअर पण भरपूर प्यायचे.

आणि तीच माझी आवडती. पोर्टर, जुलै-ऑगस्टात, कृष्णेला पाणी चढलं की आयर्विन पुलाकडं लोक पातळी बघायला जमतात त्या दिवसांत. फ्रिजमधनं काढून अर्धा तास बाहेर ठेवायची, दहा-बारा अंशाला आली की कॉफी-चॉकलेट कळतं, बर्फासारखी घेतली की जीभ सुन्न आणि चव गायब. सोबत भडंग. फक्त त्यात कच्चा कांदा टाकू नका, एक घास खाल्ला की पुढचे तीन घोट कांद्याचेच.