थारला नवा क्लच टाकायचाय, साधा घेऊ की सिरॅमिक?

तुमची २०१४ ची डिझेल थार, टायर थोडे मोठे, आठवडाभर ऑफिस आणि महिन्यातून एकदा डोंगर. एवढ्यासाठी सिरॅमिक घेऊ नका. कंपनीच्या मापाचा, चांगल्या ब्रँडचा साधा, म्हणजे ऑरगॅनिक क्लच पुरे. थारचं सीआरडीई डिझेल इंजिन २४७ एनएम टॉर्क (फिरवण्याची ताकद) देतं, मूळ क्लच त्याच हिशोबाने बनवलेला असतो. सिरॅमिक उष्णता जास्त सोसतो हे खरं, पण तो एकदम पकडतो. ट्रॅफिकमध्ये गाडी हिसके देते, आणि खडकावर जिथे इंच इंच सरकायचं असतं तिथे तर तो नकोसाच होतो. इंजिन ट्यून केलं असेल किंवा टायर फारच मोठे असतील, तर मात्र हेवी ड्युटी प्रेशर प्लेटचा (क्लच प्लेट दाबून धरणारा भाग) विचार करा.

नुसती क्लच प्लेट बदलू नका. गिअरबॉक्स उतरवायची मजुरीच जास्त लागते, त्यामुळे प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) त्याच वेळी बदला, फ्लायव्हीलचं (इंजिनचं जड चाक, ज्यावर क्लच बसतो) पायलट बेअरिंगही बघून घ्या. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक चिरा दिसल्या तर फेसिंग करून, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट करून घ्या. क्रँकचं मागचं ऑइल सील तपासाच. तिथून तेल झिरपत असेल तर नवा क्लचही स्लिप होणार.

आणि एक विचारतो, राग मानू नका: चढावर फोर-लो (चारही चाकांना ताकद देणारी हळू, जोरदार रेंज) टाकता ना? हाय रेंजमध्ये अर्धा क्लच दाबून चढवणाऱ्याला कुठलाच क्लच पुरत नाही.